कांद्याचा दुसरा पापुद्रा

“त्याचा हात थरथरायला लागला, की तू सांगायचंस. तो स्वतः सांगणार नाही. मीही नव्हतं सांगितलं.”

माझे सासरे हे बोलले तेव्हा मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते. लग्न होऊन घरात नवीनच आले होते. मामंजी अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचे दोन्ही हात कायम चादरीखाली. मी ते हात कधी उघडे पाहिले नाहीत.

“मग तुम्हाला कुणी सांगितलं, मामंजी?”

“एका पोराने. रडून.” थोडा वेळ ते छताकडे पाहत राहिले. “वाचला तो. पण ते रडणं अजून ऐकू येतं.”

आम्ही यहुदी. आमच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता करतात. देवाने अब्राहामाशी करार केला आणि त्याची खूण अंगावर मागितली, ती ही खूण. सुंता करणाऱ्याला आम्ही मोहेल म्हणतो. मामंजी मोहेल होते, त्यांच्यामागून आमचे हे झाले. पोटापाण्यासाठी खाली पुस्तकबांधणीचं दुकान आणि हे काम देवाचं. त्याचे कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, बोलावणं आलं की हातातलं टाकून निघायचं.

“मी कशी सांगणार? माझ्याच्याने नाही व्हायचं,” मी म्हटलं.

“तेच तर!” मामंजी हसले. “तुझ्या ओठांची सुंता व्हायची राहिली आहे.”

मोशे देवाला तसं म्हणाला होता. माझ्या ओठांची सुंता झालेली नाही, मी राजापुढे जाऊन कसा बोलू? मामंजींनी ते मला चिकटवलं आणि पुढे घरात तो विनोदच होऊन बसला. मी बाजारातून खराब भाजी निमूटपणे घेऊन आले की हे म्हणायचे, “ओठ, ओठ!”

“पण शब्द दे,” मामंजी म्हणाले.

मी दिला. पाण्याचा पेला द्यावा तसा दिला आणि अभ्र्याच्या गाठी मारत बसले.

मामंजींनी ह्यांना हात शिकवला तो कांद्यावर. कांद्याची वरची वाळकी साल एका ओढीत कापायची आणि खालच्या पांढऱ्या पापुद्र्यावर ओरखडासुद्धा उठता कामा नये. “दुसऱ्या पापुद्र्याला कळलं, तर हात कच्चा,” असं ते म्हणायचे. हे तयार झाले तरी ती सवय राहिली. कुठे सुंतेला जायचं असलं की आदल्या दिवशी हे टोपलीतून एक कांदा उचलायचे, खिडकीशी उभे राहून साल कापायचे आणि कांदा मुकाट्याने परत टोपलीत टाकायचे. दुसऱ्या दिवशी तो माझ्या विळीखाली यायचा. साल अलगद सुटायची, आत कांदा कोराच्या कोरा. मला त्या कांद्याचा फार अभिमान होता. बायका दागिने बघतात, मी तो कांदा बघायचे.

आमच्या मुलाला मुलगा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकाला टोपली ओढली. वरचे कांदे चांगले होते. हात खाली घातला तर एक कांदा ओलसर लागला. बाहेर काढला. साल फाटली होती आणि घाव आत उतरला होता, दुसऱ्या पापुद्र्यात, तिसऱ्यात. मला वाटलं बाजारातच कुणाचा विळा लागला असेल. दुसरा काढला. त्याच्यावरही. मग मी टोपली उलटी केली. तळाला घातलेले सगळे कांदे चिरलेले होते, कुणी चुकून मारल्यासारखे, वाकडेतिकडे. एकाचा घाव तर थेट गाभ्यापर्यंत गेला होता.

मी भिंतीला टेकून खाली बसले. मागच्या खोलीत बाळ रडत होतं.

एकाएकी सगळं उलगडत गेलं. ह्यांच्या डाव्या अंगठ्यावरची पट्टी. “पुठ्ठ्याने कापलं” म्हणाले होते. शब्बाथच्या संध्याकाळी आशीर्वाद म्हणताना प्याला काठोकाठ भरायचा असतो, तो हे अलीकडे थोडा कमीच भरत आणि तळहातावर ठेवून उचलत. आणि बेकरीवाल्याच्या मुलाची सुंता झाली त्या दिवशीचं. रक्त लवकर थांबेना. ह्यांच्याच हाताखाली मोहेल म्हणून तयार झालेला घड्याळजी शेजारी उभा होता. त्यानेच कापूस दाबून धरला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, पुढच्या वेळी मी करू का?” मूल सुखरूप राहिलं. पण त्या दिवसापासून हे घड्याळजीशी बोलेनासे झाले. त्याच्या दुकानावरून जायचं टाळतात, वळसा घालून जातात. मी समजत होते की तो घड्याळजीच उर्मट आहे.

मी चिरलेले कांदे तसेच टोपलीत भरले आणि वर चांगले रचले. ह्यांनी लपवले होते, अगदी तसेच. बोलायचं सोडून मी हे केलं.

आमची सूनबाई ख्रिस्ती घरातली. लग्नाआधी शिकून, धर्मस्नान करून आमच्यात आली, मनापासून आली. तिची आई मात्र ख्रिस्तीच. विहीणबाई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवतात. लेकीच्या बाळंतपणासाठी रजा टाकून आल्या होत्या, एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात जपमाळ. जिभेला धार आहे, पण मनात काही ठेवत नाहीत. आल्या आल्या म्हणाल्या, “तुमचं घर छान, विहीणबाई. फक्त डिंकाचा वास आहे. माणूस बसला की चिकटून राहतो. माझी मुलगी अशीच चिकटली वाटतं!”

कांदे सापडले त्याच दिवशी दुपारी हे बाळाला बघायला मागच्या खोलीत गेले. मी दारात वरणभाताचं ताट घेऊन उभी होते. सूनबाई उशीला टेकून बसली होती. तिने अचानक विचारलं, “बाबा, त्याला काही होणार नाही ना?”

“कशाने?”

“आठव्या दिवशी. मला माहीत आहे सगळं, मी शिकलेय. पण शिकले तेव्हा तो नव्हता ना.”

ह्यांनी बाळाच्या टाळूवर हात ठेवला. मी त्या हाताकडे बघत होते. टेकलेला हात थरथरत नाही, उचललेलाच थरथरतो. “माझ्या हातून तुझ्या बाळाला इजा होणार नाही,” हे म्हणाले. “शब्द देतो.”

सूनबाईचा चेहरा निवळला. ताट माझ्या हातात वाजलं. विहीणबाईंनी ते माझ्याकडून घेतलं आणि माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

माझी एक रोजची रीत आहे. उठले की हात धुवायचे, दिवा लावायचा आणि ठरलेली स्तोत्रं म्हणून होईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. मुलगा तापाने फणफणला होता तेव्हाही मी खुणेनेच औषधाची बाटली दाखवली होती. हे चेष्टेने म्हणतात, “ह्या घरात सकाळी मला थोडा वेळ राज्य करायला मिळतं.” आणि मुद्दाम त्याच वेळी येऊन सांगतात, अमुक उधळलं, तमुक हरवलं.

त्या दिवसांत स्तोत्रं म्हणताना माझी जीभ अडखळू लागली. देवापुढे कशासाठी बसले आहे तेच कळेना. सांगावं तर ह्यांचं काय होईल? वस्तीतल्या मुलांना ज्या हातांनी करारात आणलं, ते हात स्वतःच्या नातवाच्या दिवशी मी काढून घ्यायचे? आमचा मुलगा तर बापाच्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा, मिरवत होता सगळीकडे, “माझ्या मुलाची बाबाच करणार.” आणि न सांगावं तर तो कांदा. डोळे मिटले की गाभ्यापर्यंत गेलेला तो घाव दिसायचा. खालच्या दुकानात पुठ्ठा कापायचं यंत्र खटकन पडलं की मी दचकायचे.

दिवस टाळावा म्हटलं तर तेही भय. जो ही खूण करत नाही तो आपल्या लोकांतून तोडला जातो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मोशेची गोष्ट आठवायची. वाटेत मुक्कामाला थांबला असता देवाचा कोप त्याच्यावर आला. मुलाची सुंता राहिली होती म्हणून. तेव्हा त्याच्या बायकोने धारदार गारगोटी उचलली आणि स्वतः ते काम केलं. ती बाई आधी करून मोकळी झाली, बोलली ती नंतर. मला गारगोटी उचलायची नव्हती. मला नुसतं एक वाक्य बोलायचं होतं आणि तेवढंही तोंडातून फुटत नव्हतं.

मग माझ्या मनात एक वाट आली. आमच्यात मूल आजारी असेल तर सुंता पुढे ढकलतात. कावीळ असली, अंग पिवळं दिसलं, तर मूल बरं होईपर्यंत थांबायचं. जिवापुढे दिवस मोठा नाही, असाच नियम आहे. हे रोज सकाळी बाळाला बघायला जात ते त्यासाठीच. आणि मी, रोज स्तोत्रं म्हणणारी बाई, एका सकाळी हात जोडून म्हणाले, देवा, बाळ थोडं पिवळं होऊ दे. थोडंसंच.

म्हटलं आणि दिव्याची वात फडफडली. वाऱ्याने असेल. पण तशीच उठून मी मागच्या खोलीत धावले, बाळाला उजेडात धरलं. गुलाबी होतं. मी त्याच्या पायांना ओठ लावले आणि तिथेच रडले. सूनबाईला वाटलं, आजीला माया अनावर झाली.

देवाने ऐकलं नाही, म्हणून मी पडदा बदलला.

कपाटात एक जुना मोहरीच्या रंगाचा पडदा होता. सुंतेच्या आदल्या दिवशी सकाळी मी तो मागच्या खोलीच्या खिडकीला लावला. ऊन त्यातून आत आलं आणि सगळी खोली पिवळी झाली. भिंती पिवळ्या, चादर पिवळी, बाळाचं कपाळ, नाक, मुठी, सगळं पिवळं. विहीणबाईसुद्धा पिवळ्या. त्या बाळाचे लंगोट घड्या करत होत्या. “हे काय? खोलीला हळद लावली की काय तुम्ही?”

“ऊन लागतं बाळाच्या डोळ्यांना,” मी म्हटलं.

हे आले. बाळाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी पडली. आता म्हणतील, थांबू या. आता म्हणतील. ह्यांनी बाळाला उचललं, छातीशी धरून गॅलरीत नेलं आणि उघड्या उजेडात त्याच्या कपाळावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तेव्हा खालची कातडी आधी पांढरी आणि मग लाल झाली.

“टोमॅटो आहे नुसता,” हे हसले. “पिवळं काही नाही. हा पडदा कुणी लावला?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. बाळाला सूनबाईच्या कुशीत दिलं आणि खाली दुकानात गेले.

संध्याकाळी मी गॅलरीत डाळ निवडत बसले होते. विहीणबाई येऊन शेजारी बसल्या, जपमाळ मांडीवर टाकून.

“विहीणबाई, तुम्हाला कसली भीती वाटतेय?”

“मला कुठे काय?”

“त्या ताटापासून बघतेय मी. मी कारखान्यात दिवसभर टाका बघते. कुठला टाका ओढला गेलाय, ते मला लांबून कळतं.” त्यांनी मांडीवरची माळ हातात घेतली. “पाण्याने नाही का हो भागत तुमच्या देवाचं? आमच्यात डोक्यावर पाणी घातलं, नाव दिलं, झालं. मूल फार तर शिंकतं.”

मला त्याही स्थितीत हसू आलं. “आमचा देव सही मागतो. करार म्हटला की सही आली. आमची सही अंगावर.”

“आणि आमची आत. कुणाला दिसत नाही. म्हणून तर रोज वागून दाखवावी लागते. कटकटच जास्त!” त्यांनी माळेचा एक मणी सरकवला. “तसं आमच्या प्रभूचीही झाली होती बरं का, आठव्या दिवशीच. नावही त्याच दिवशी ठेवलं. आमचे जुने फादर सांगायचे, त्याने आपल्यासाठी रक्त सांडलं ते क्रूसावर, पण पहिला थेंब त्या दिवशीचा. मी लहान होते, मला वाटायचं, त्याच्या आईला काय वाटलं असेल. तिला तर पुढचं माहीत नव्हतं.”

“मग तुमच्यात बंद का झाली?”

“यहुदी नसलेले लोकही यायला लागले ना. वाद झाला त्यांच्यात, ह्यांनाही सुरी लावायची का म्हणून. आमचा प्रेषित पौल म्हणाला, नको. खरी सुंता अंतःकरणाची, विश्वास पुरे. मला आपलं एवढंच कळतं.”

“आमच्याही शास्त्रात आहे की. अंतःकरणाची सुंता करा, म्हणून. आमच्या लोकांना देवाने ते फार आधी सांगितलं. पण ही सोडा आणि ती करा असं नाही सांगितलं.”

“म्हणजे दोन्ही?”

“दोन्ही.”

“बाप रे. तुमचा देव एका कापडातून दोन शर्ट काढणारा दिसतो.” त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “ते अंतःकरणाचं म्हणजे नेमकं काय हो? फादरनी सांगितलं होतं, मी विसरले.”

“आमचे मामंजी म्हणायचे, मनावर एक कातडं धरतं. त्याने ऐकू येत नाही, बोलवत नाही. ते काढायचं.”

“दुखत असेल.”

मी डाळीतला खडा शोधत राहिले. खडा नव्हताच. मग मी त्यांना सगळं सांगितलं. कांदे सांगितले, मामंजींना दिलेला शब्द सांगितला, पडदा तर त्यांना कळलाच होता. विहीणबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या बोटांत माळ घट्ट आवळली गेली.

“आणि उद्या तो हात माझ्या नातवाला लागणार?”

“माझ्याही नातवाला.”

“मग मी सांगते! आत्ताच खाली जाऊन सांगते. मला काय, मी परकी. मी वाईट झाले तर चालेल.”

त्या उठल्यासुद्धा. मी त्यांचा पदर धरला. का धरला, माझं मलाच कळेना. मग लक्षात आलं. विहिणीने सांगितलं तर ह्यांना वाटेल, परकी बाई आमची खूणच पुसायला निघाली आहे. हे इरेला पेटतील, आणि उद्या हट्टाने सुरी धरतील. त्यात सूनबाई कुठे उभी राहील? ती बिचारी इकडची होऊन आलेली.

“नको. शब्द मी दिला आहे,” मी म्हटलं. “मला सकाळपर्यंत वेळ द्या.”

“आणि नाही बोललात तर?”

“तर तुम्ही बोला. दार अडवून बोला.”

विहीणबाई खाली बसल्या. “मी आज माळ तुमच्या नावाने करते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या देवाला चालेल ना?”

“त्याला सगळ्यांचं ऐकू येतं. बोलणारेच कमी आहेत.”

सकाळी मी नेहमीसारखी उठले. हात धुतले, दिवा लावला, बसले. बाहेरच्या खोलीत मुलाने खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्यात एक खुर्ची रिकामी ठेवायची, पांढरा कपडा घालून. ती एलीया संदेष्ट्याची. प्रत्येक सुंतेला तो साक्षीला येतो, अशी आमची श्रद्धा. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी पहिलं स्तोत्र सुरू केलं. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

हे आत आले. आंघोळ झालेली, स्वच्छ सदरा. हातात सुरीची लाकडी पेटी. माझ्यासमोरच टेबलाशी बसले आणि पेटी उघडली. सुरी मखमलीवर होती. ह्यांनी ती उचलली नाही. उजवा हात वर नेला आणि परत मांडीवर ठेवला. पुन्हा नेला. बोटं झाडाच्या पानांसारखी हलत होती. हे त्या बोटांकडे असे पाहत होते, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत आणि ऐकत नाहीत. मी समोर आहे हे त्यांना माहीत होतं. मी बोलणार नाही हेही माहीत होतं. म्हणूनच तिथे बसले होते, दुसरीकडे कुठे ही भीती घेऊन बसता आलं नसतं.

स्तोत्र अर्ध्यावर होतं. मामंजींची चादर डोळ्यांसमोर आली.

“अहो,” मी म्हटलं.

ह्यांनी चमकून वर पाहिलं. “झालं तुझं?”

“नाही.”

इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. ह्यांचा चेहरा बघता बघता उतरला. “मग बोलतेस कशी?”

“कांदे पाहिले मी.”

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

“ते कांदे ओले होते,” हे म्हणाले. “साल चिकटून होती. तू आता माझे कांदे तपासतेस का?”

“मी शिजवते ते.”

“म्हणून तो पडदा लावलास.”

“हो.”

“बाळ पिवळं दिसावं म्हणून.”

“पिवळं व्हावं म्हणून प्रार्थनाही केली.” माझी नजर दिव्यावर होती. “आपल्या नातवासाठी आजारपण मागितलं मी. तुम्हाला सांगण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं.”

हे खुर्चीत मागे सरकले. मला वाटलं ओरडतील. मी मान खाली घालून वाट पाहिली. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “कधीपासून ठरवत होतीस?”

“मामंजींना शब्द दिला होता. तुमचा हात थरथरला की मी सांगायचं, म्हणून.”

“बाबांना?” त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “बाबांनी सांगून ठेवलं होतं?”

“त्यांचे हात शेवटी चादरीखाली असायचे. आठवतंय?”

ह्यांना आठवलं. आपले दोन्ही हात त्यांनी टेबलाच्या वर अधांतरी धरले, सुरीच्या दोन बाजूंना, आणि ते थरथरताना पाहू दिले. मला आणि स्वतःलाही. मग म्हणाले, “रोज वाटायचं, आज बरा आहे. आज जमेल. एक कांदा नीट झाला असता ना, तर... झालाच नाही.”

“सुंतेचं कर्तव्य बाळाच्या बापाचं आहे,” मी म्हटलं. मला इतकं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. “मोहेल म्हणजे त्याने मागून घेतलेला हात. तो कुणाचाही चालतो. पण मांडी लागते. बाळाला मांडीवर घेऊन बसायला कोण, ते अजून ठरलं नाही. तुमची मांडी नाही थरथरत.”

“आणि हात घड्याळजीचा?” ओठ मुडपून त्यांनी पेटी बंद केली. “त्याच्या दारात जाऊ मी?”

“मी जाते.”

“तू? तू जाऊन काय बोलणार?” सवयीने निघून गेलं त्यांच्या तोंडून. मग माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी असताना थोडंसं हसले. “नको, आता तुझा भरवसा नाही. काहीही बोलशील.”

हे उठले. दारापाशी विहीणबाई उभ्या होत्या, माळ हातात, दार अडवायच्या तयारीने. सगळं ऐकलं असावं. त्या बाजूला झाल्या. मागच्या खोलीतून सूनबाईचा आवाज आला, “बाबा, निघालात कुठे? लोक यायची वेळ होईल.”

“येतील ते बसतील. सूर्य मावळेपर्यंत दिवस आपलाच आहे,” हे म्हणाले. “तुला शब्द दिलाय ना मी? त्याच कामाला चाललोय.”

पेटी त्यांनी काखेत घेतली. जाता जाता स्वयंपाकघरात वळले. टोपलीतले वरचे कांदे एकेक करून हाताने चाचपले, एक कोरडा, घट्ट, सालीला कुठे चीर नसलेला कांदा निवडला आणि कोटाच्या खिशात टाकला.

“तो कशाला?” मी विचारलं.

“त्याचाही हात बघून घेतो आधी. नातू माझा आहे.”

बाळ झोपलं होतं. जिना वाजू नये म्हणून ह्यांनी चपला हातात घेतल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. गॅलरीतून मी पाहिलं. कोपऱ्यावर हे क्षणभर थांबले, जिथून रोज वळसा घेत असत तिथे. मग वळसा न घेता सरळ घड्याळजीच्या दुकानाच्या रस्त्याला लागले.

मी दिव्यापाशी आले आणि स्तोत्र पहिल्यापासून सुरू केलं.